पुरावा न ठेवलेल्या वर्षांचे पुरावे

आमच्या लग्नाला माणसं मोजून दहा-बारा. सांगलीत, विवाह अधिकाऱ्यांच्या कार्यालयात, आडवारी, भर दुपारी. माझे आई-वडील, बहीण, थोडे मित्र, तिच्या नर्सिंग कॉलेजातल्या दोन मैत्रिणी आणि मिरजेच्या एक मावशी. या मावशी नात्यातल्या नव्हेत, मित्राची आई. त्यांच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही कित्येक वर्षं चोरून भेटलो होतो. तिच्या घरचं कुणीही नव्हतं. मित्रांपैकी एकानं आधीच सांगून ठेवलं होतं, "सही करतो, पण मला फोटोत घेऊ नका." त्याचं गाव तिच्या गावाच्या शिवेला लागून आहे.

पुढं ब्रिटनच्या स्पाऊस व्हिसाची, म्हणजे नवरा-बायकोला मिळणाऱ्या व्हिसाची, तयारी करताना तिथल्या गृहखात्यानं आपल्या अधिकाऱ्यांसाठी तयार केलेली मार्गदर्शिका वाचनात आली. ती कुणालाही वाचता येते. नवरा-बायकोचं नातं खरं आणि टिकून आहे हे कशावरून मानायचं, शंका कधी घ्यायची, याच्या खुणा तिच्यात दिल्या आहेत. शंकेच्या खुणांमध्ये एक अशी आहे: लग्नाला पाहुणे नसणं किंवा अगदी थोडे असणं, जवळचे नातेवाईक हजर नसणं. तो मजकूर मी पुन्हा पुन्हा वाचला. आमच्याच लग्नाचं वर्णन होतं ते.

मी बौद्ध. तिचं घर गावातलं मानाचं, जमीनजुमल्याचं. ती मिरजेत नर्सिंग शिकली, पुण्यात नोकरी केली, २०१९ला एनएचएसच्या, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या, भरतीतून तिथल्या लेस्टर शहरात गेली. पाच वर्षांनी तिला तिथं कायम राहायची परवानगी मिळाली आणि त्यानंतर आम्ही लग्न केलं. मी सांगलीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवत होतो. आमचं नातं मात्र ती शिकत होती तेव्हापासूनचं. जानेवारी २०१३मध्ये नगर जिल्ह्यातल्या सोनईत तीन दलित तरुणांना मारून टाकलं गेलं, त्यामागं एक प्रेमप्रकरण होतं. त्या बातम्या आम्ही दोघांनी वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या माणसांच्या शेजारी बसून वाचल्या. तिच्या घरात त्यावर काय बोललं गेलं हे तिनं मला फार उशिरा सांगितलं.

त्यानंतर आम्ही जे केलं ते आमच्या पिढीतली अशी सगळीच जोडपी करतात. माग ठेवायचा नाही. माझ्या फोनमध्ये तिचा नंबर ‘शिंदे सर, परीक्षा विभाग’ या नावानं होता. चॅट रोज रात्री पुसायचं. नोव्हेंबर २०२०मध्ये व्हॉट्सॲपनं सात दिवसांत आपोआप नाहीसे होणारे मेसेज आणले, तेव्हा ते काम वाचलं. दोघांचा मिळून फोटो काढायचा नाही. एसटीत वेगवेगळ्या सीटवर बसायचं, खर्च रोखीनं करायचा. तिनं तिकडून पाठवलेला स्वेटर मी घरी ‘मित्रानं दिला’ म्हणून घातला. आम्ही फार काळजी घेतली. त्या काळजीमुळंच आम्ही दोघं आज धड आहोत असं मला आजही वाटतं.

आणि आता एक सरकार विचारत होतं: तुमच्या नात्याचा पुरावा काय?

अर्जाचा पैशांचा भाग तुलनेनं सरळ होता. ब्रिटनमधल्या जोडीदाराचं किमान उत्पन्न २०१२पासून वर्षाला १८,६०० पौंड लागायचं, ते ११ एप्रिल २०२४पासून २९,००० झालं. त्या दिवशी एनएचएसमधल्या नव्या, बँड पाच या वेतनश्रेणीतल्या नर्सचा सुरुवातीचा पगार होता २८,४०७ पौंड. म्हणजे ज्या देशानं परदेशातून नर्सेस बोलावून आणल्या, त्या देशात पूर्ण वेळ राबणाऱ्या नव्या नर्सला मूळ पगारावर नवरा आणता येत नव्हता. पुढं पगारवाढ मागच्या तारखेपासून लागू झाली आणि तो सुरुवातीचा पगार २९,९७०वर गेला. माझ्या बायकोची नोकरी पाच वर्षांची झालेली, त्यामुळं आमचं भागलं. सहा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, त्याच रकमा दाखवणारं बँकेचं स्टेटमेंट, हॉस्पिटलचं पत्र, भाडेकरार हे सगळं तिनं एका सुट्टीच्या दिवशी लावून ठेवलं. मी टीबीची तपासणी केली, इंग्रजी बोलण्याऐकण्याची अगदी प्राथमिक पातळीची परीक्षा दिली. फी १,९३८ पौंड, आणि तेहतीस महिन्यांच्या व्हिसासाठी तीन वर्षांचा धरून आरोग्य अधिभार ३,१०५ पौंड. या आकड्यांनी छाती दडपते, पण कष्टानं, उसनवारीनं ते जमवता येतात.

नात्याचा भाग तसा नव्हता. एका सल्लागाराकडं गेलो. त्यांनी विचारलं, साखरपुड्याचे फोटो? हळदीचे? दोन्हीकडच्या मंडळींसोबतचे? फिरायला गेला असाल तिथले? प्रत्येकाला मी नाही म्हणत गेलो. ते शांतपणे म्हणाले, "मग तुमच्याकडं आहे तरी काय?" प्रश्नात खोट नव्हती. मला उत्तर देता आलं नाही.

मी इतिहासाचा माणूस, म्हणून सवयीनं मागं गेलो. ब्रिटनच्या या दारात आपली माणसं याआधी कशी उभी राहिली, ते वाचत बसलो. जानेवारी १९७९मध्ये हीथ्रो विमानतळावर पस्तीस वर्षांची एक भारतीय शिक्षिका उतरली. ती तिथल्या आपल्या नियोजित नवऱ्याशी लग्न करायला आली होती. लग्नाआधी येणाऱ्या वधूला तेव्हा व्हिसा लागत नसे, म्हणून ही आधीच लग्न झालेली तर नाही ना, हे ‘तपासायला’ तिची कौमार्य चाचणी केली गेली. वर्तमानपत्रात बातमी आली, गदारोळ झाला, ती चाचणी बंद झाली. कित्येक वर्षांनी अभ्यासकांनी सरकारी दप्तरं उघडली तेव्हा कळलं की अशा किमान ऐंशी स्त्रिया होत्या. त्या बाईंकडं सांगायला शब्द होते, दाखवायला कागदही असतील. खातरजमा मात्र तिच्या शरीरावर केली गेली.

मग १९८०चे नियम आले आणि त्यांत माझ्यासारखे पुरुष होते. १९८३पासून तर बाहेरून येणाऱ्या नवऱ्यानंच सिद्ध करायचं की या लग्नामागचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणं हा नाही. एखादी गोष्ट माझ्या मनात नव्हती, हे माणूस कसं सिद्ध करणार? या नियमाखाली हजारो जोडपी वर्षानुवर्षं अलग राहिली, त्यांत भारत, पाकिस्तान, बांगलादेशातली फार. लग्न खरं आहे हे मान्य करूनही अर्ज नाकारले जात. वकिलांनी मग वाट काढली: लग्नानंतर दोघांमध्ये जी ओढ दिसते, ती हेतूची साक्ष धरा. पत्रं, भेटी, फोनची बिलं. कोर्टांनी ते काही अंशी मानलं, आणि घरोघरी पत्रं जपून ठेवली जाऊ लागली. १९८५मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात तीन बायकांनी दावा जिंकला. पुरुषांना बायको आणणं सोपं आणि बायकांना नवरा आणणं अवघड, हा स्त्री-पुरुष भेदभाव आहे असा निकाल लागला. ब्रिटिश सरकारनं त्यावर काय करावं? नवऱ्यांवरची अट सैल केली नाही, तीच बायकांनाही लावली. अखेर जून १९९७मध्ये सरकार बदलल्यावर तो नियम गेला.

हे वाचून माझ्या फाइलमध्ये एका कागदाचीही भर पडली नाही. पण एक कळलं की त्या जुन्या जोडप्यांनी निदान पत्रं लिहिली होती. त्यांना लपवायचं नव्हतं, त्यांची लग्नं गावासमोर लागली होती. आमच्याकडं ओढ होती आणि तिची एकही ओळ शिल्लक नव्हती.

वर्गात मी मुलांना इतिहाससंशोधक राजवाड्यांविषयी सांगत असे. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून वाड्यांच्या माळ्यांवरची जुनी पत्रं गोळा करत. बखर मागाहून लिहिली जाते, लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक असतो. पत्र त्या दिवशीचं असतं, म्हणून अस्सल पत्राचं मोल जास्त, हा त्यांचा आग्रह. एका रात्री मला वाटलं, आपण बखरीच्या मागं लागलोय. लग्नानंतर काढलेले हसरे फोटो, मित्रांकडून आता लिहून घेतलेली पत्रं. शोधायला हवेत ते त्या त्या दिवशीचे कागद, मग ते कुणीही, कशासाठीही केलेले असोत.

बायकोला फोनवर हे सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "थांब, माझे रोटा आहेत." नर्सेसना ड्यूटीचं महिन्याचं वेळापत्रक मिळतं, त्याला तिकडं रोटा म्हणतात. तिनं पहिल्या महिन्यापासूनचे सगळे छापील रोटा ठेवले होते. प्रत्येक दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीनं एक वेळ लिहिलेली. ती आमच्या फोनची भारतातली वेळ होती. रात्रपाळी संपवून सकाळी आठला ती बस थांब्यावर उभी असायची, तेव्हा इकडं उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात दीड. मार्चच्या शेवटच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास पुढंमागं होतात, त्या चौकोनांत तिनं आधीची वेळ खोडून नवी लिहिली होती. कॉलेजातलं माझं वेळापत्रकही तिच्याकडं होतं, माझे मोकळे तास रंगवलेले. "आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात," ती म्हणाली, "जे लिहिलं नाही ते केलंच नाही असं धरतात." मी चॅट पुसत होतो त्याच वर्षांत ती कुणालाही न कळेल अशा खुणांनी आमची नोंद ठेवत होती. तिच्या भावानं ते कागद पाहिले असते तरी त्याला ड्यूटीच दिसली असती.

त्यानंतर आम्हाला बघायची दृष्टी आली. कोविडात वडिलांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा तिनं पाठवलेली रक्कम माझ्या बँक स्टेटमेंटमध्ये त्या तारखेला होती आणि हॉस्पिटलचं बिल दुसऱ्या दिवसाचं. ‘शिंदे सर, परीक्षा विभाग’ या नावाखालच्या कॉलची नोंद मोबाइल कंपनीकडून जेवढी मिळाली तेवढी आली, आणि ते नाव का, हे मी निवेदनात सरळ लिहिलं. आंतरजातीय विवाहासाठी आपल्या राज्य सरकारची पन्नास हजारांच्या साहाय्याची योजना आहे. त्या योजनेच्या अर्जासाठी आम्ही लग्नानंतर लगेच संयुक्त खातं उघडलं होतं, त्याचं पासबुक आणि समाजकल्याण कार्यालयाची पोच निघाली.

विशेष विवाह कायद्याची नोटीसही निघाली. १९५४चा हा कायदा. नोटीस दिली की ती कार्यालयातल्या फलकावर लागते, तीस दिवस हरकतीसाठी वाट पाहायची, मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. ती रजेवर आलेली असताना नोटीस दिली, ती परत गेली आणि तीन महिन्यांच्या मुदतीत पुन्हा आली. मधले तीस दिवस आमची नावं, वयं, पत्ते फोटोंसकट त्या फलकावर होते. तिच्या तालुक्यातलं कुणी सातबाऱ्याच्या कामाला आलं आणि मान वर करून पाहिलं, तर? मी रोज तिथून जायचो, कोण उभं आहे ते बघायला. दोन सज्ञान माणसांच्या लग्नाआधी त्यांचे पत्ते भिंतीवर लावायचे, ही तरतूद मला तेव्हाही क्रूर वाटली आणि आजही वाटते. व्हिसाच्या फाइलमध्ये मात्र त्या नोटिशीची प्रत मोलाची ठरली. लग्नाच्या आधीची तारीख, सरकारी शिक्का, दोघांच्या सह्या.

पण सगळ्यांत वजनदार कागद आला पोलीस ठाण्यातून.

लग्नानंतर तिच्या भावानं ती हरवल्याची तक्रार दिली होती. मिसिंग दाखल झाल्याचं कळल्यावर आम्ही वकिलांना घेऊन स्वतःहून ठाण्यात गेलो. तिथल्या महिला अंमलदारांनी तिला बाजूला बसवून जबाब घेतला. मार्च २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट म्हटलंय की दोन सज्ञान व्यक्तींनी एकमेकांना निवडल्यावर कुटुंबाच्या किंवा समाजाच्या संमतीची गरज नाही. वकिलांनी तो निकाल बरोबर आणला होता, दाखवावा लागला नाही. जबाबात तिनं सांगितलं: माझं वय अमुक, मी नोकरी करते, या व्यक्तीला मी इतक्या वर्षांपासून ओळखते, आमची पहिली भेट अमुक ठिकाणी, माझ्यावर कुणाचाही दबाव नाही, मला माझ्या पतीसोबत राहायचं आहे. खाली सही, तारीख, वेळ, ठाण्याचा शिक्का.

वर्षभरानं त्या जबाबाची प्रमाणित प्रत हातात घेतली तेव्हा मी उडालो. ज्या वर्षांचा काही माग नाही असं आम्ही म्हणत होतो, त्यांचा सगळा वृत्तांत त्यात तिच्याच शब्दांत होता, आणि व्हिसाचा विचारही मनात नव्हता तेव्हाचा. आमच्या विरोधात उभ्या राहिलेल्या माणसांनीच तो करवून घेतला होता. आपल्याकडच्या कितीतरी माणसांचा इतिहास असाच सापडतो, त्यांच्याविरुद्धच्या तक्रारींत.

सल्लागारांना तो जोडायचा नव्हता. पोलिसांचा कागद पाहिला की अधिकारी बिचकतो, असं त्यांचं म्हणणं. बायकोलाही नको होता, पण तिचं कारण वेगळं होतं. "दादाचं नाव आहे त्यात. एका परक्या माणसासमोर तो गुन्हेगार दिसेल." ज्या भावानं वर्षभर तिचा फोन उचलला नव्हता, त्याच्यासाठी ती रडत होती. मी गप्प बसलो. यात माझं मत चालण्यासारखं नव्हतं. काही दिवसांनी तिनंच निवेदनाचा मसुदा पाठवला. त्यात तिनं लिहिलं होतं की माझ्या भावाला माझी काळजी वाटली, म्हणून त्यानं तक्रार दिली. आमच्या भागात अशा लग्नांना विरोध होतो, म्हणून आमच्या लग्नाला माझ्या घरचे नव्हते. जबाब जोडला, इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराच्या प्रमाणपत्रासह.

लग्न खरं आहे का, हे विचारणंच चूक, असं मी म्हणणार नाही. खोटी लग्नं होतात. परदेशातल्या नवऱ्यानं लग्न करून, पैसे घेऊन मुलीला माहेरी सोडून दिल्याच्या गोष्टी आपल्याला नव्या नाहीत. माझा आक्षेप मोजपट्टीला आहे. पाहुण्यांच्या गर्दीवरून लग्नाचा खरेपणा ठरवायचा म्हणजे समाज त्या लग्नावर खूश आहे असं आधीच गृहीत धरायचं. हजार पानांची पंगत उठवून लावलेलं लग्न आतून पोकळ असू शकतं, त्यात मुलीला कुणी विचारलेलंही नसतं. आमच्या महाराष्ट्रात तर १८७३पासून, सत्यशोधक समाजाच्या पहिल्या विवाहापासून, भटजीविना, डामडौलाविना, थोड्या माणसांत लग्न करण्याची एक धीट परंपरा आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आजही अशी लग्नं लावून देतात. ज्यांनी सगळ्यांत जास्त किंमत मोजून एकमेकांना निवडलं, त्यांच्याच लग्नाला पाहुणे कमी असतात. त्या मार्गदर्शिकेत धर्म, संस्कृती, चालीरीती ध्यानात घ्यायला सांगितलं आहे. तिथं जातही लिहायला हवी.

साक्षीदारांची पत्रं आम्ही शेवटी जोडली, ती थोडीच. मिरजेच्या मावशींनी मराठीत, वहीच्या पानावर लिहून दिलं. ही दोघं माझ्याकडं यायची, मी चहा करायची, ती नाइटवरून आली की झोपून जायची आणि हा भांडी घासून ठेवायचा, असं. फोटोत न आलेल्या मित्रानं यावेळी आधार कार्डाच्या प्रतीसह पूर्ण नाव-पत्त्यानिशी पत्र दिलं. मी नको म्हणत होतो.

व्हिसा आला. कोणत्या कागदामुळं, ते कळायचा मार्ग नाही. मंजुरीच्या पत्रात कारणं नसतात. आता मी लेस्टरमध्ये आहे. तेहतीस महिन्यांनी मुदतवाढ मागायची, तेव्हा एकत्र राहत असल्याचे कागद पुन्हा लागतील. ते जमवणं सोपं आहे, कारण कौन्सिल टॅक्स, वीज, दवाखाना, सगळीकडं दोघांची नावं उघड लावता येतात.

माझे जुने विद्यार्थी अधूनमधून फोन करतात, दबक्या आवाजात. त्यांना व्हिसा नको असतो, बहुतेकांना फक्त लग्न करायचं असतं. पण पुरावा त्यांनाही लागेल: पोलिसांसमोर, कोर्टात, योजनेच्या अर्जाला, उद्या परदेशी जायचं झालं तर तिथं. म्हणून जे त्यांना सांगतो ते इथंही लिहितो. फोनमध्ये काही ठेवू नका, तो हिसकावला जातो. घरच्यांना ठाऊक नसलेला एक वेगळा ईमेल काढा आणि महिन्यातून एकदा चॅट तिथं पाठवून मग पुसा. पैसे एकमेकांना द्यायचे तर कधीतरी बँकेतून द्या, लहान रक्कम असली तरी चालेल. विश्वासाच्या एका घरी दोघांच्या जन्मतारखेच्या दाखल्यांच्या, आधारच्या, गुणपत्रिकांच्या प्रती ठेवा. घरातून निघायची वेळ आली तर मूळ कागद हाती लागतीलच असं नाही. जबाब द्यावा लागला तर तो नीट वाचून, दुरुस्त करून मगच सही करा आणि प्रत मागा. आणि साक्षीदारांचे पूर्ण पत्ते लग्नाच्या दिवशीच लिहून घ्या. आमच्या साक्षीदारांपैकी दोघींनी वर्षाच्या आत भाड्याचं घर बदललं होतं.